खुंटीवरच्या बत्तीस सह्या

उचगावात आमच्या गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "मष्णूचा रवळ्या दारात आलेल्या माणसाला पाणी इचारत न्हाय, पर कंपूटरातल्या माणसाला चिलखत घालतोय." मारुतीराव नावाचे आमचे एक शेजारी पंचायतीच्या कट्ट्यावरून याच्या पुढची माहिती देत. त्यांच्या मते रवळूने उद्यमबागेतल्या कारखान्यात मोठे मशीन बिघडवले होते आणि शिक्षा म्हणून मालकाने त्याला तक्ते भरायला घरी दिले होते. आठ तास राबून आलेला शहाणा माणूस घरी पुन्हा तक्ते कशाला भरेल, असा त्यांचा बिनतोड सवाल असे.

मी या बोलण्यात कधी भाग घेतला नाही. माझे मत अधिक उदार होते. मला रवळूची दया येत असे.

मी गाव सोडून बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ राहायला आलो, त्याला एकोणीस वर्षे झाली. एका महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, वार्षिक अंकाची मुद्रिते तपासतो आणि इतरांच्या लेखनातील ऱ्हस्वदीर्घ मनातल्या मनात सुधारत असतो. गावाकडच्या माणसांचे भले व्हावे असे मला मनापासून वाटते, विशेषतः ते माझ्या सल्ल्याने होणार असेल तर. रवळू माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. आयटीआय झालेला, संगणकावर चालणाऱ्या लेथ मशीनवर सेटर. नवे काम आले की यंत्रात कोणते हत्यार कुठे बसवायचे, किती खोलीवर न्यायचे, कोणत्या क्रमाने फिरवायचे, हे ठरवून देणारा माणूस म्हणजे सेटर. बोलणे मोजके. बोलण्यापेक्षा समोरच्याच्या हाताकडे पाहण्याची सवय, जणू माणूसही चुकीचे बटण दाबील.

पहिली पाळी संपवून घरी जाताना तो एका दुपारी माझ्या दारात गाडी लावून उभा राहिला. हेल्मेट हातातच. पाणी मी विचारले, त्याने घेतले नाही.

"अण्णा, एक शब्द पायजे हुता."

मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. "बोल."

"एकानं केल्यालं काम दुसऱ्यानं सोता करून बघितलं, बरोबर हाय म्हटलं, ह्याला चांगला मराठी शब्द काय?"

मी तीन शब्द दिले. प्रमाणीकरण, सत्यापन आणि पडताळणी. तिन्हींतल्या छटांचा फरकही दहा मिनिटांत समजावून सांगितला. रवळूने सगळे ऐकून घेतले, खिशातल्या वहीत काहीतरी लिहिले आणि तो गेला. पुढे त्याचे काम मी प्रत्यक्ष पाहिले तेव्हा त्यातल्या एका चौकटीवर लिहिले होते, 'लावून बघितलं.'

ती चौकट ज्यात होती ती वस्तू म्हणजे 'खुंटी'. रवळूने स्वतः लिहिलेला, संगणकावर चालणारा एक लहानसा प्रोग्रॅम. तो कशासाठी आहे हे मला समजायला तीन बैठका लागल्या. वाचकांना एकीतच सांगतो. हे लोक संगणकावर जो खेळ खेळतात, त्यात प्रत्येकाचे एक पात्र असते. त्या पात्राला मिळालेले गुण ताकदीत किती घालायचे, चपळाईत किती, हाती भाला द्यायचा की गदा, अंगठी कोणती, चिलखत कोणते, आणि यातले काय आधी, काय नंतर, ही सारी जुळणी म्हणजे त्या पात्राची 'बिल्ड'. एक बिल्ड जमायला महिने जातात. दुसरी करून पाहायची तर पहिली मोडावी लागते, आणि मोडली की ती आठवत नाही. रवळूच्या खुंटीवर ती तशीच्या तशी टांगून ठेवता येते. डावीकडे नावांची यादी, उजवीकडे जुळणीचा तक्ता, खाली 'काय बदललं, का बदललं' अशी ओळ आणि सर्वांत खाली ती चौकट. संपले. तो तक्ता दुसऱ्याला पाठवावा, दुसऱ्याने वाचून तेच पात्र आपल्याकडे उभे करावे.

बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासमधून आणलेल्या संगणकावर रवळूने ही खुंटी लिहिली. त्या संगणकाला दोन खिडक्या एकदम उघडल्या तरी धाप लागत असे, म्हणून खुंटी हलकी. किती हलकी, हे त्याने मला एकदा माझ्याच भाषेत सांगितले. मी रोज सकाळी दोनशे अकरा लोकांना सूर्यफुलाचे चित्र आणि एक सुविचार पाठवतो.

"तुमच्या एका सूर्यफुलात तीन खुंट्या बसत्यात, अण्णा," तो म्हणाला.

इथेच मी गप्प राहायला हवे होते. पण गावाकडच्या होतकरू माणसाने केलेली वस्तू पाहिली की मला मार्गदर्शन सुचते. मी म्हणालो, सुरुवातीला एक स्वागताचे पान असावे. त्यावर गावच्या वेशीचे छायाचित्र असावे. उघडताना मंद संगीत असावे.

"वजन वाढतंय," रवळू म्हणाला.

मग मी म्हणालो, मुळात खेळासाठीच का? हेच तंत्र वापरून शेतकऱ्यांसाठी पिकांची नोंद ठेवणारे काही केलेस तर समाजाला उपयोग होईल. यावर मी साधारण पाऊण तास बोललो. मध्ये माधवी, म्हणजे माझी पत्नी, चहा ठेवून गेली आणि जाताना रवळूकडे सहानुभूतीने पाहून गेली.

"मग ते शेताचं हुईल की," रवळू शेवटी म्हणाला. "हे खेळाचं हाय."

यानंतर काही महिन्यांनी त्याने मला खुंटीचा तपासनीस नेमले. हा बहुमान कसा लाभला ते सांगणे भाग आहे. रवळूच्या कारखान्यात एक शिरस्ता आहे. नवे काम मशीनवर लावले की पहिला नग काढायचा आणि थांबायचे. त्याला ते 'फर्स्ट पीस' म्हणतात. ज्याने मशीन लावले त्याने तो नग पास करायचा नाही. दुसऱ्याने यावे, हातात घ्यावा, मापावा, सही करावी, मगच पुढचे नग निघतात. सही झालेला नग पुढे चुकीचा निघाला, तर त्या सहीखाली गेलेला सगळा माल बाजूला काढून त्याला लाल टॅग लावतात आणि एकेक नग पुन्हा मापतात. रवळूने हाच कायदा खेळातल्या पात्रांना लावला होता. बिल्ड करणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने तक्ता समोर ठेवून ती खरोखर उभी करून पाहावी, नाव टाकावे, मगच खुंटी ती बाहेर पाठवू देई.

"पण मीच का?" मी विचारले. उत्तरात माझ्या चिकित्सक वृत्तीचा उल्लेख येईल, अशी माझी अपेक्षा होती.

"तुमाला खेळातलं कायबी म्हाईत न्हाय. म्हाईत असल्याला माणूस चुकीचं लिवल्यालं बी बरोबर वाचतोय. तुमी जसं लिवलंय तसंच लावशीला."

आतून माधवीचे हसू ऐकू आले.

पहिले पाच तक्ते मी प्रामाणिकपणे लावले. रवळूने एक जास्तीचा लॅपटॉप माझ्याकडे ठेवला होता. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी चष्मा पुसून बसे आणि 'म्हातारा ढालवाला' किंवा 'दलदलीतला भालेकरी' या नावाच्या इसमाला पायरीपायरीने कपडे चढवी. मी अनेकदा मेलो. खेळाच्या अगदी सुरुवातीला एक रानडुक्कर आहे. लहान मुलेही त्याला ओलांडून जातात असे मला नंतर समजले. मला त्याने एका दुपारी अकरा वेळा मारले. मराठीच्या प्राध्यापकाला असे मरण येईल, याची मी कल्पना केली नव्हती.

सहाव्या तक्त्यापासून माझ्यात बदल झाला. माझी नजर तक्त्याच्या भाषेवर गेली. 'आंगठी घालने', 'चीलखत काढने'. मी तक्ता कागदावर छापून घेतला आणि लाल शाई काढली. एकदा शुद्धलेखन सुधारायला बसलो की काहीतरी गंभीर काम केल्याचे समाधान मला मिळते, आणि त्या समाधानात मूळ काम राहून गेल्याचे लक्षात येत नाही. तक्ता वाचून झाला, 'आंगठी'ची 'अंगठी' झाली, की मी 'लावून बघितलं' या चौकटीत सुवाच्य अक्षरांत 'नागेंद्र' असे टंकत असे. लॅपटॉपवरचा खेळ उघडायची गरज उरली नाही. अशा बत्तीस सह्या झाल्या. रानडुकराची आणि माझी भेट थांबली, याचे मला वाईट वाटले असे म्हणता येणार नाही.

एवढ्यात रवळूला, ज्याने आयुष्यात कुणाकडे काही मागितले नव्हते, एक गोष्ट हवी झाली.

हा खेळ खेळणाऱ्यांचे आमच्या भागात एक मंडळ आहे. बेळगाव, निपाणी, गोकाक, कोल्हापूर इथली चारशेच्या आसपास माणसे. निम्मी मराठीत लिहितात, निम्मी कन्नडमध्ये, भांडायला सगळी हिंदी वापरतात. प्रमुख आहेत गोकाकचे एक दंतवैद्य. या मंडळात जो तो आपली बिल्ड वाटेल तशी लिहून पाठवी आणि गोंधळ होई. सगळ्यांनी एकच साधन वापरावे असा ठराव झाला आणि तीन साधने समोर आली. दोन बाहेरची, गाजलेली, चकचकीत, जड. तिसरी खुंटी. तिचे नाव पुढे केले सुविधा कांबळे या मुलीने. ती निपाणीजवळच्या बोरगावची, निपाणीत एका रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि खुंटीतले तक्ते कन्नडमध्ये तीच उतरवते. तिच्याकडचा संगणकही रवळूच्या संगणकाइतकाच थकलेला होता. बाकीची दोन्ही साधने तिच्याकडे उघडतच नसत.

"मंडळानं घेतली तर बरं हुईल," रवळू मला म्हणाला. पुढे थांबून, "लई बरं हुईल." त्याच्या तोंडून 'लई' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

दंतवैद्यांनी परीक्षा ठेवली. रविवारी तीन वाजता सर्वांसमोर खुंटीतली कोणतीही एक पास झालेली बिल्ड निवडायची आणि सुविधाने ती तक्त्याप्रमाणे उभी करून दाखवायची. रवळू त्या दिवशी माझ्याकडे आला, कारण माझ्याकडचे इंटरनेट चांगले. आम्ही दोघे पडद्यासमोर बसलो. माधवीने शेव आणून ठेवली. दंतवैद्यांनी यादीत बोट ठेवले ते 'पुलावरची राखणदार' या नावावर. खाली माझी सही.

सुविधा सहा पायऱ्या झरझर चढली. सातव्या पायरीवर लिहिले होते, लोखंडी अंगठी घाला.

"अंगठी न्हाई हो इथं," तिचा आवाज आला.

तिने पुन्हा पाहिले. वर-खाली शोधले. चारशेतली नव्वद माणसे बघत होती. ती अंगठी नवव्या पायरीवर जो दरवाजा उघडतो, त्याच्या आत मिळत होती. नववी पायरी सातवीच्या आधी हवी होती. लिहिताना रवळूकडून क्रम चुकला होता. आणि जो कुणी हा तक्ता खरोखर लावून पाहता, तो अगदी लहान मूल असला तरी, याच पायरीवर अडकला असता.

अंगठी या शब्दाचे शुद्धलेखन मात्र निर्दोष होते.

रवळूने शेवेची बशी बाजूला सारली आणि माझ्याकडे वळून हळूच विचारले, "अण्णा, हे तुमी लावून बघितलं हुतं न्हवं?"

मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो आहे की साध्या प्रश्नाला साधे उत्तर द्यावे. मी दिले. "हो."

रवळूने मान हलवली, मायक्रोफोन जवळ ओढला आणि आधी कन्नडमध्ये, मग मराठीत सांगितले, "आमच्या अण्णांनी लावून बघितल्यालं हाय. त्यांचं चुकायचं न्हाय. खेळातच कायतरी बदल झाला असणार. मी हुडकून सांगतो."

खेळ बनवणारी माणसे मधूनमधून खेळात बदल करतात हे खरे आहे, म्हणून मंडळाने ते मानले. दंतवैद्यांनी पुढच्या रविवारची वेळ दिली. तोपर्यंत दोष सापडला तर ठीक, नाहीतर बाहेरचे साधन घ्यायचे. रवळूने हेल्मेट घातले आणि तो गेला. शेव तशीच होती.

"खरंच लावून बघितलं होतं?" माधवीने विचारले.

"म्हणजे, बारकाईने वाचले होते."

"हजेरीपटावर वर्षानुवर्षे सह्या करून हाताला सवयच झालीय तुमच्या," ती म्हणाली आणि बशी उचलून घेऊन गेली.

पुढचे तीन दिवस मी स्वतःशी निरनिराळे युक्तिवाद केले. मूळ चूक रवळूची होती. खेळ हा शेवटी खेळ आहे. यातले प्रत्येक वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध होते. मग बुधवारी मला कळले की रवळूने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. हे मला त्याच्या वडिलांनी, मष्णूकाकांनी, फोनवर सांगितले. "लगीन असलं तरी सुट्टी घेत न्हाय त्यो. आज दुपारीच आलाय. खेळात कुठलं तरी भोक पडलंय म्हणं, ते हुडकालाय. जेवला बी न्हाय रं." मुळात पडलेच नव्हते ते भोक. रवळू माझ्या शब्दावर विसंबून तीन दिवस ते शोधत होता.

मी कबुलीचे पत्र लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात 'अनवधानाने' हा शब्द होता. तो मला हलका वाटला, म्हणून दुसऱ्यात 'कर्तव्यच्युती' आणला. तिसऱ्यात प्रारंभी गावाच्या मातीचे ऋण आले. चौथा दोन पानी होता आणि तो मला इतका आवडला की प्रत काढून ठेवावी असे वाटले. तो खिशात घालून मी गुरुवारी दुपारी उचगावच्या बसमध्ये बसलो. बसमध्ये मी तो दोनदा वाचला आणि एक स्वल्पविराम काढला.

रवळू पडवीत संगणकासमोर होता. त्या दिवशीही रजा. बाजूला वही, वहीत गेल्या आठ महिन्यांत खेळात झालेल्या प्रत्येक बदलाची यादी, आणि एकेकापुढे फुली. मी पत्र काढले आणि उभ्यानेच वाचू लागलो. ऋणाचा परिच्छेद संपून कर्तव्यच्युती सुरू होत होती, तेव्हा रवळू म्हणाला,

"म्हंजे बघितलं न्हाय."

"नाही."

"ह्येच एक?"

"नाही."

"किती?"

"पहिले पाच पाहिले होते."

त्याने वही बंद केली. ओरडला नाही. मी त्याच्या ओरडण्याची तयारी करून गेलो होतो आणि त्यावर काय बोलायचे तेही ठरवले होते. ते वाया गेले. त्याने खुंटी उघडली आणि माझ्या नावाखालच्या तक्त्यांवर एकामागून एक लाल खूण टाकायला सुरुवात केली. मी बघत उभा होतो. लाल खूण पडली की तो तक्ता बाहेर कुणालाच उघडत नाही, नुसते नाव दिसते आणि शेजारी सही करणाऱ्याचे. मष्णूकाकांनी आणलेला चहा माझ्या हातात पडेपर्यंत यादीत बत्तीस वेळा लाल रंग आणि बत्तीस वेळा 'नागेंद्र' असे झाले होते.

"रवळू, हे सगळ्यांना दिसणार?"

"व्हय."

"नाव... नाव दिसायलाच हवे का?"

"कारखान्यात बी दिसतंय."

मग त्याने मंडळाला लिहिले. मी शेजारी उभा होतो, म्हणून मला वाचता आले. 'खेळात दोष नाही. तक्ता लिहिताना माझं चुकलं. आम्ही लावून बघितलं नव्हतं. बत्तीस बिल्ड थांबवल्या आहेत. रविवारी दाखवायला तयार नाही.'

"आम्ही का लिहितोस? मी म्हण. चूक माझी आहे," मी म्हणालो. मला वाटले, निदान हे वाक्य तरी भारदस्त झाले.

"खुंटी माजी हाय," तो म्हणाला. "तुमी बघितलासा का न्हाय, ते मी बघाय पायजे हुतं."

हे ऐकून मला जे वाटले, त्यासाठी माझ्या चारही मसुद्यांत शब्द नव्हता. रवळूला हवी झालेली ती एक गोष्ट त्याच्या हातातून जवळजवळ निसटली होती, तीही त्याने स्वतः लिहून पाठवलेल्या चार ओळींनी. त्याला गप्प राहता आले असते. खेळावर ढकलता आले असते. सगळ्यांनी ते आधीच मानले होते.

संध्याकाळी मंडळात वाद झाला. एकाने लिहिले की ज्यांची सहीच खोटी, त्यांचे साधन कशाला. दुसऱ्याने माझ्या नावापुढे रानडुकराचे चित्र टाकले. त्याला माझा इतिहास ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते, पण ते लागले. बाहेरचे साधन घेण्याकडे कल झुकला होता. तेव्हा सुविधाने लिहिले. ती मराठीत कमी आणि मुद्द्याचे लिहिते. 'बाकीच्या दोन साधनांत चूक कुणाची ते कळतच नाही. ह्यात कळली. आमच्या लॅबमध्ये रिपोर्ट चुकला तर नमुना परत तपासतात, लॅब बंद करत नाहीत. बत्तीसच्या बत्तीस परत लावून बघू. सरांनी लावायचं. मी स्क्रीनवर बघत बसते.'

दंतवैद्यांनी पाच आठवडे दिले.

त्या पाच आठवड्यांबद्दल मी फार लिहीत नाही. आठवड्याला सहा-सात तक्ते, कॉलेजातून आल्यावर चार ते सहा. माझा पडदा सुविधाला दिसे, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून मीही दिसे, तिचा आवाज मला ऐकू येई. पहिल्याच दिवशी मी तक्त्याची पहिली ओळ मोठ्याने म्हटली, दुसरी म्हटली, तिसरी म्हणणार एवढ्यात ती म्हणाली, "सर, तुमी वाचालाय. लावत न्हाईसा."

"आधी समग्र आकलन व्हावे म्हणून..."

"माउसवर हात ठेवा, सर."

मी हात ठेवला. "आणि तो लाल पेन खाली ठेवा," ती म्हणाली. कॅमेऱ्यात तो दिसत असेल असे मला वाटले नव्हते.

रानडुकराने मला पुन्हा मारले. एकविसाव्या वेळी सुविधा शांतपणे म्हणाली, "डावीकडं सरका, सर. त्यो सरळच पळतोय. चार वर्सं झाली, त्यानं कधी वळण घेतलं न्हाई." मी डावीकडे सरकलो. डुक्कर समोरून निघून गेले. इतक्या वेळा मेल्यावरही हे माझ्या लक्षात आले नव्हते. माधवी दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि त्या टाळ्यांत उपरोध किती आणि कौतुक किती, हे मी अजून विचारलेले नाही.

बत्तीसपैकी चार तक्ते सदोष निघाले. अंगठीचा एक, आणि आणखी तीन. त्यांतल्या एकात तर गुणांची बेरीजच खेळात मिळणाऱ्या गुणांपेक्षा जास्त होती. तोच तक्ता मी 'सुबक' असा शेरा मारून परत पाठवला होता. प्रत्येक चुकीपुढे रवळूने खालच्या ओळीत काय बदलले आणि का बदलले ते लिहिले, आणि लाल खूण काढली. जुनी सही पुसली नाही. तिच्याखाली नवी तारीख घालून माझे नाव पुन्हा आले आणि शेजारी सुविधाचे.

पाचव्या रविवारी दंतवैद्यांनी तीन तक्ते निवडले. तिन्ही लागले. पुढच्या सोमवारी मंडळाने खुंटी घेतली. रवळूने ही बातमी मला फोनवर सांगितली ती अशी, "घेतली." मी अभिनंदनाचे चार शब्द बोलायला सुरुवात केली, तोवर त्याची पाळी सुरू झाली होती.

त्यानंतर आठवड्याने तो अडतिसावा तक्ता घेऊन आला. मी लॅपटॉप उघडला, सुविधाला पडदा जोडला, हात माउसवर ठेवला. रवळू पाठीमागे खुर्चीत बसला होता आणि नेहमीप्रमाणे माझ्या हाताकडे बघत होता. मला वाटले, आता एवढे सगळे झाल्यावर, एक चांगला शब्द ऐकायला मिळायला हरकत नाही. मी मागे न वळता, सहज विचारल्यासारखे विचारले, "काय रे रवळू, आता तरी माझ्या सहीवर तुझा विश्वास बसला ना?"

रवळूची नजर माझ्या हातावरून हलली नाही.

"सहीवर न्हाय, अण्णा," तो म्हणाला. "सुविधा बघत बसत्या, म्हणून चाललंय."